उंदीर, ससे आणि शास्त्राबाहेरची बाई

मला शास्त्रातलं काही कळत नाही, या एकाच गुणावर माझी निवड झाली. आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यातलं बऱ्यापैकी कळत होतं. पण त्यासाठी मला कधी कोणी गाडी पाठवली नव्हती.

शाळेतून निवृत्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. नारायण पेठेत आमची लहानशी इमारत आहे. वर आम्ही दोघं, खाली माझे धाकटे दीर. एका रविवारी सकाळी माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन घरी आला. शाळेत असताना त्याचं ऱ्हस्व-दीर्घाशी हाडवैर होतं. आता तो खडकवासल्याच्या रस्त्यावरच्या एका औषध-संशोधन संस्थेचा संचालक झाला होता.

"बाई, एक विनंती आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे प्राण्यांवर प्रयोग होतात. उंदीर, ससे, असे लहान प्राणी. आता सरकारी नियम असा आहे की प्रत्येक प्रयोगाला आधी एका समितीनं मंजुरी द्यायची. त्या समितीत एक सदस्य असा लागतो, की ज्याचा शास्त्राशी काही संबंध नाही, पण सामाजिक भान आहे."

"म्हणजे अडाणी, पण सज्जन," पेपराच्या पलीकडून हे म्हणाले.

"तसं नाही, काका—"

"तसंच आहे. योग्य घरी आलात."

मी विचारलं, "काम काय असतं?"

"काही नाही हो बाई. अधूनमधून बैठक असते. गाडी न्यायला येईल. चहा होतो, सही करायची."

"वाचून?"

तो मनापासून हसला. मी विनोद केला आहे, असं त्याला वाटलं.

ही बातमी संध्याकाळपर्यंत खाली पोचली. माझे दीर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आणि कडवे प्राणिमित्र. रोज सकाळी गल्लीतल्या कुत्र्यांना दूध-पोळी घालत. त्यामुळे कुत्री त्यांच्यावर खूश आणि कुत्र्यांना भिणारा पोस्टमन आमच्यावर नाराज असे. प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध त्यांची एक संघटनाही होती. तिच्या सभा विश्रांतवाडीला एका सभासदाच्या गच्चीवर भरत. संघटनेत माणसं मोजकी आणि मतभेद भरपूर होते, त्यामुळे ती अस्सल पुणेरी होती याबद्दल शंका नाही.

भाऊजी जिना चढून वर आले ते धापा टाकतच. त्यांना बरीच वर्षं मधुमेह होता, जिना सोसत नसे.

"वहिनी, सोन्यासारखी संधी आहे. आतून पोखरा!"

"मी मराठीची बाई आहे, भाऊजी. वाळवी नव्हे."

"मग निदान काय चालतं ते डोळ्यांनी बघा."

हे मात्र मला पटलं. मी होकार कळवला.

पहिल्या बैठकीला गेले तर वातानुकूलित खोली, काचेचं लांबलचक टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली. अध्यक्ष म्हणजे एक वयोवृद्ध निवृत्त प्राध्यापक. ते बैठक सुरू होताना डोळे मिटत आणि 'मंजूर' म्हणताना उघडत. एक पशुवैद्य, चार-पाच शास्त्रज्ञ, माझा विद्यार्थी आणि मी. जाडजूड इंग्रजी कागदांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवण्यात आला. एकेका प्रयोगाचं नाव वाचलं जाई, कोणीतरी "नेहमीचाच आहे" म्हणे, आणि अध्यक्षांचे डोळे उघडत. आमच्या शाळेत सहलीची परवानगी मिळायला याहून जास्त वेळ लागे.

एका प्रयोगात ससे होते. मी आपलं सहज विचारलं, "प्रयोग संपल्यावर या सशांचं काय होतं?"

टेबलाभोवती सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग एक शास्त्रज्ञ नम्रपणे म्हणाले, "मॅडम, त्यांना सॅक्रिफाइस करतो."

"कोणत्या देवाला?"

पशुवैद्यांना ठसका लागला. माझा विद्यार्थी म्हणाला, "बाई, ती आमच्याकडची पद्धत आहे बोलायची."

"म्हणजे मारता."

"हो, म्हणजे... वेदना होऊ न देता."

"तसं करत असाल तर चांगलंच आहे. पण मारता. मग तसं म्हणा की!"

हे म्हणताना मला काही फार मोठं सांगायचं नव्हतं. चाळीस वर्षांची खोड. मुलानं 'माझ्या हातून कप फुटला गेला' म्हटलं, की 'तू फोडलास' असं म्हणायला लावायचं. पण खोलीत अशी शांतता पसरली, की अध्यक्षांना बैठक संपली असं वाटलं आणि ते उठायला लागले.

त्यानंतर मी प्राणी पाहायचा आग्रह धरला. नियमानुसार सदस्यांनी पाहणी करायची असतेच. आजवर कोणी केली नव्हती एवढंच. प्राणिगृह म्हणजे मागच्या बाजूला एक वेगळी इमारत होती. टोपी, झगा, पायात कापडी पिशव्या घालून आत सोडलं. आत इतका गारवा, इतकी स्वच्छता की मला आमच्या शाळेचे पत्र्याचे वर्ग आठवले. उन्हाळ्यात तिथे मुलं भोवळ येऊन पडत. इथे खोलीतला पारा दोन अंश चढला तर चौकशी होत असे.

तिथे काम करणारा माणूस जवळच्याच एका गावचा होता. ते गाव अलीकडेच शहराच्या हद्दीत आलं होतं. मी म्हटलं, "किती छान ठेवलंय."

"काल रंग दिलाय," तो म्हणाला. "तुमी येनार म्हनून. ससं शिंकाय लागलंत वासानं."

ससे खरोखरच शिंकत होते. एका पिंजऱ्यातल्या सशाच्या पाठीवरचे केस चौकोनी भादरलेले होते आणि तिथे औषधाचे लाल ठिपके होते. पशुवैद्यांनी तो माझ्या हातात दिला. अंग इतकं ऊबदार की माझे तळवे तापले. त्याचं काळीज कुठे आहे ते शोधावं लागलं नाही. अख्खा ससाच धडधडत होता. मी त्याला परत दिला आणि उगाचच झगा सारखा करत राहिले.

घरी आल्यावर जेवताना मी जे पाहिलं ते सांगितलं. रात्री भाऊजी आमच्याकडेच जेवत. भादरलेल्या पाठीपर्यंत आले आणि भाऊजींनी ताट बाजूला सारलं.

"एवढं सगळं चालू आहे आणि आम्ही गच्चीवर सभा घेतोय," ते म्हणाले.

पुढच्या बैठकीच्या दिवशी संस्थेची गाडी मला घेऊन फाटकाशी पोचली, तर तिथे मोर्चा. दहा-बारा माणसं, घोषणा आणि सर्वांत पुढे उन्हात उभे असलेले माझे दीर. त्यांच्या हातातल्या फलकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'मुक्या जीवांची प्राणीहत्या थांबवा!'

ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, काच वर घ्या. दगड मारतील."

मी काच खाली घेतली. फलक वाचला. मग पुन्हा वाचला, आणि मला गाडीत बसवेना. मी उतरले.

"वहिनी!" भाऊजींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला खात्री होती तुम्ही आमच्यात याल!"

"मार्कर आहे का कोणाजवळ?" मी म्हटलं. "'जिवांची'तला 'जि' ऱ्हस्व. 'प्राणिहत्या'तला 'णि' ऱ्हस्व. शिवाय जीव म्हटल्यावर पुन्हा प्राणी कशाला? एवढ्या मोठ्या रस्त्यावर असं घेऊन उभे राहता, शाळेतली मुलं वाचतात."

एका बाईंनी मार्कर दिला. फलक गाडीच्या बॉनेटवर टेकवून मी दोन्ही वेलांट्या फिरवल्या. खाली वाकले होते म्हणून लक्ष गेलं. "आणि भाऊजी, तुमच्या पायात काय आहे?"

भाऊजींनी खाली पाहिलं. पायात चांगली करकरीत कोल्हापुरी होती, चामड्याची. त्यांचा चेहरा उतरला. मोर्चातल्या आणखी काही जणांनी आपापली पावलं मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. वाकून फलक लिहिणारी मी, आणि खाली ओळ: निषेधाचा फलक रंगवताना एक ज्येष्ठ कार्यकर्त्या. हे म्हणाले, "पदर नीट आलाय."

संस्थेत मात्र हाहाकार उडाला. मला खास बोलावणं आलं. अध्यक्ष त्या दिवशी सुरुवातीपासूनच जागे होते.

"आपण नेमक्या कोणत्या बाजूच्या आहात?" त्यांनी विचारलं.

"शुद्धलेखनाच्या."

"आपल्याला या समितीवर राहण्याची इच्छा आहे का?"

मी म्हटलं, "नसली तर दुसरं माणूस बघा." पेच असा होता, की दुसरं माणूस त्यांनी आधीच बघितलं होतं. एका निवृत्त न्यायाधीशांनी प्रत्येक कागदाचा अर्थ विचारायला सुरुवात केली होती. एका कीर्तनकारबुवांनी उंदरांना सद्गती मिळते का, ही चौकशी केली होती. शास्त्र न कळणारी माणसं पुण्यात वाटेल तितकी आहेत. पण आपल्याला ते कळत नाही हे मान्य करणारी मिळेनात. बाहेरच्या सदस्याशिवाय बैठक ग्राह्य धरली जात नसे. थोडक्यात, मी होते म्हणून उंदीर होते.

तेव्हा मी माझी अट घातली. "मला इंग्रजी कागद धड समजत नाहीत. प्रत्येक प्रयोगाबद्दल अर्धं पान साध्या मराठीत द्या. आणि जो प्रयोग करणार, त्यानंच ते लिहायचं. 'मी' असं लिहायचं."

त्यातून जे आलं ते मी अजून विसरलेले नाही. एकानं लिहिलं, 'सदर प्राण्यांना प्रयोगाअंती चिरविश्रांती प्रदान करण्यात येईल.' दुसऱ्यानं लिहिलं, 'या कार्यात उंदरांचे सहकार्य घेतले जाईल.' मी समासात लाल पेनानं विचारलं, 'उंदरांना विचारले का?' तिसरे एक ज्येष्ठ शास्त्रज्ञ होते. त्यांनी 'मानवतेच्या यज्ञात समिधा' असं लिहून पाठवलं. त्यांना मी गुण दिले असते, पण निबंधाचे. सगळी पानं परत गेली, परत आली. 'करण्यात येईल' काही सुटेना. इतकी शिकलेली माणसं, हातात सुरी धरायला न घाबरणारी, 'मी' लिहायला घाबरत होती.

मग एका बैठकीला एक नवी संशोधक आली. सत्ताविशी-अठ्ठाविशीची, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. लग्न होऊन विश्रांतवाडीला राहायला गेलेली आणि रोज स्कूटरवरून अख्खं शहर ओलांडून येणारी. मधुमेहात पायाच्या जखमा भरत नाहीत, त्यावर एक मलम तिला तपासायचं होतं. तिनं उभं राहून आपलं पान वाचलं.

"मी या उंदरांना इंजेक्शन देऊन मधुमेह करीन. मग भूल देऊन त्यांच्या पाठीवर जखम करीन. निम्म्यांच्या जखमेवर मलम लावीन, निम्म्यांच्या लावणार नाही. जखम भरते का ते रोज पाहीन. शेवटी मी त्यांना मारीन आणि जखमेची कातडी कापून तपासीन."

मराठी स्वच्छ होतं. एक वेलांटी चुकली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवणार होते, तेवढ्यात माझ्या शेजारच्या शास्त्रज्ञांनी नाक मुरडलं.

"फारच क्रूर आहे हो हे."

"हो ना," दुसरे म्हणाले. "आधी आजार द्यायचा, मग जखम करायची..."

"सर, गेल्या बैठकीत तुमचाही प्रयोग असाच होता," ती म्हणाली.

"असा नव्हता. त्यात भाषेचं तारतम्य होतं." मग हे गृहस्थ जरा पुढे वाकून, हसत, म्हणाले, "अर्थात, तुमच्या घरी मारण्या-कापण्याची सवय असेल."

तिचं आडनाव समोरच्या कागदावर होतं, ते सगळ्यांनीच वाचलेलं होतं.

"घरी मारलं की मारलंच म्हणतो, सर," ती म्हणाली आणि खाली बसली.

अध्यक्ष खोकले. मत घेतलं गेलं. समितीच्या इतिहासात पहिल्यांदाच एक प्रयोग नामंजूर झाला. माझ्या एकटीचा हात त्या नामंजुरीच्या विरुद्ध होता. सर्वांत वाईट म्हणजे नंतर सगळे खुशीत होते. समिती डोळे मिटून सह्या करते या मोर्चेवाल्यांच्या आरोपाला आता परस्पर उत्तर मिळालं होतं. माझा विद्यार्थी चहा घेताना म्हणाला, "बाई, तुमच्यामुळे समितीला जाग आली."

मी खाली वाहनतळाशी तिला गाठलं. ती हेल्मेट घालत होती.

"बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, सरळ लिहा?"

"हो."

"इंग्रजी कागदात हेच होतं. शब्द न् शब्द. तिथे कोणाला वाईट नाही वाटलं." तिनं हेल्मेटचा पट्टा सोडला, पुन्हा बांधला. "आमच्या अब्बांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. शुगरनं त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढावा लागला. ते म्हणतात, बरं झालं, घड्याळाचं काम बसूनच असतं. मला त्यांचं ते म्हणणं ऐकवत नाही."

ती निघून गेली. गाडीत बसून घरी येताना ड्रायव्हरनं दोनदा विचारलं, मॅडम बरं वाटत नाही का.

इकडे भाऊजींनी माझं बोलणं मनावर घेतलं होतं. मोर्चाच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी कोल्हापुरी, पट्टा, पाकीट, चामड्याचं म्हणून जे होतं ते सगळं वाटून टाकलं आणि रेक्झिनच्या सँडल घेतल्या. तत्त्वाला पक्का माणूस. सँडलना मात्र तत्त्वाचं काही सोयरसुतक नव्हतं. त्या पायाला चावल्या. करंगळीजवळ फोड आला. मधुमेहानं पायाची संवेदना गेलेली, त्यामुळे त्यांना तो समजलाच नाही. समजला तेव्हा फोडाची जखम झाली होती. वैद्यांचा लेप झाला, हळद झाली, शेजाऱ्यांनी सांगितलेलं सगळं झालं. जखम भरेना. एक दिवस जिन्यातच वास आला, तेव्हा ह्यांनी आणि मी त्यांना धरून रुग्णालयात नेलं.

तिथला डॉक्टर अगदी तरुण होता. पाय पाहून गंभीर झाला. दोन बोटं काढावी लागतील, उरलेल्या जखमेवर औषध लावू, इंजेक्शनं सुरू करू, असं म्हणाला.

भाऊजींनी पडल्या पडल्या विचारलं, "डॉक्टर, हे जे देणार, ते प्राण्यांवर तपासलेलं आहे का?"

"हो, हो काका," डॉक्टर त्यांच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. "अगदी पूर्ण तपासलेलं आहे. काही काळजी करू नका."

भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "आणि न तपासलेलं काही आहे?"

"असं कसं काका? ते तुमच्यावर कसं वापरू?"

हे काहीतरी बोलणार होते. मी त्यांना डोळ्यांनी दटावलं. ती वेळ पुणेरीपणाची नव्हती.

"द्या," भाऊजी म्हणाले आणि डोळे मिटले.

दोन बोटं गेली, पाय राहिला. घरी आल्यावर ते आमच्याकडेच होते. एका दुपारी मी पट्टी बदलत असताना ते आपणहून म्हणाले, "वहिनी, आता तुम्ही म्हणाल, बघा, प्रयोग झाले म्हणून पाय वाचला."

"मी काही म्हटलेलं नाही."

"मनात म्हणाल. पण माझं मत बदललेलं नाही. माझा पाय वाचला, म्हणून त्या उंदराचं दुखणं कमी झालं असं होत नाही. मी औषध घेतलं कारण मी भ्यालो. एवढंच."

आमच्या समितीत इतक्या बैठकांत इतकं बोलणं झालं, पण इतकं सरळ वाक्य मी तिथे ऐकलेलं नव्हतं. मी पट्टी बांधली आणि त्यांना चहा दिला, बिनसाखरेचा. तो त्यांनी नेहमीसारखाच नावं ठेवत प्यायला.

पुढच्या बैठकीत मी तो नामंजूर झालेला प्रयोग पुन्हा घ्यायला लावला. माझ्या विद्यार्थ्यानं नियमांची अडचण सांगितली. मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही प्रयोग नाकारला नाहीत, वाक्य नाकारलंत. आज प्रयोगाबद्दल बोलू." पशुवैद्य प्रथमच माझ्या बाजूनं बोलले. मुलीनंही आपल्या आखणीवर पुन्हा काम केलं होतं. मराठीत लिहिताना, ती म्हणाली, प्रत्येक उंदरापुढे 'मी मारीन' असं मनात येत होतं, तेव्हा इतके कशाला लागतात हा प्रश्न पडला. हिशेब पुन्हा केला तर बरेच कमी पुरतात असं दिसलं. दुखू नये म्हणून रोज औषध द्यायचंही तिनं त्यात घातलं होतं. ज्येष्ठ शास्त्रज्ञांनी विचारलं, "कमी पुरत होते, तर आधी जास्त का मागितले?" ती म्हणाली, "सगळे तेवढेच मागतात, सर." यावर चर्चा लांबली नाही. सगळ्यांनाच आपापले आकडे आठवले असावेत.

प्रयोग मंजूर झाला. मी सही केली. आजवर इतक्या सह्या केल्या होत्या, पण पेन असं जड झालं नव्हतं. घरी येऊन भाऊजींना सांगितलं, कारण न सांगणं बरं दिसलं नसतं. ते काठी टेकत खाली गेले आणि मग कित्येक दिवस आमच्याकडे जेवायला आले नाहीत.

प्रयोग संपायच्या दिवशी मी तिला फोन केला. म्हटलं, मला पाहायचं आहे. ती म्हणाली, "बाई, कशाला?" मी म्हटलं, "सही माझी आहे."

तिनं मला एका स्टुलावर बसवलं. काचेची पेटी होती, तिला नळी जोडलेली. तिनं उंदीर हातात घेतला, अंगठ्यानं त्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, पेटीत ठेवला आणि झाकण लावलं. मग पेटीवर तळहात टेकवून ती उभी राहिली. आतली हालचाल थांबली तरी तिनं हात लगेच काढला नाही. एक झाला, मग दुसरा. मी मध्येच उठून जाईन असं मला वाटलं होतं, उठवलं नाही. घरी आले तेव्हा ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि ह्यांनी, आमच्या संसारात क्वचितच घडलं असेल, माझ्यासाठी चहा टाकला.

काही महिन्यांनी माझी मुदत संपली. माझ्या जागी एक निवृत्त गृहस्थ आले. ते चहा बिनसाखरेचा घेतात आणि काही विचारत नाहीत, असं विद्यार्थ्यानं कौतुकानं कळवलं. मराठी पानांची प्रथा वेळेअभावी तूर्त स्थगित ठेवण्यात आली. 'आली', अर्थातच, कोणी ठेवली नाही.

त्यानंतर एका दुपारी ती मुलगी घरी आली. हातात मिठाईचा डबा वगैरे काही नव्हतं, त्यावरूनच मी ओळखलं.

"मलम चाललं नाही, बाई."

"अजिबात?"

"जखमा दोन्हीकडे सारख्याच भरल्या. उंदरावर चालतं की काय असं मध्ये वाटलं होतं, पण नाही."

"म्हणजे ते सगळे..." मला पुढचं म्हणवेना.

"मारले," ती म्हणाली. "फुकट म्हणा हवं तर. हे चालत नाही, एवढं कळलं. आता दुसरं कोणी हेच करायला गेलं तर त्याला सांगता येईल, करू नको. पण सांगायचं कुठे? न चाललेल्या गोष्टी छापायला कोणी तयार होत नाही."

तेवढ्यात जिन्यात काठी वाजली. भाऊजी दारात उभे. त्यांना खालून स्कूटर दिसली होती, आणि कोण आलं असेल याचा अंदाज आला असावा. मी ओळख करून दिली. दोघांनी एकमेकांना नीट न्याहाळलं. तिची नजर त्यांच्या पायावर गेली आणि तिथेच थांबली.

"दोन बोटं," भाऊजी म्हणाले. "मलम यासाठीच होतं ना?"

"हो, काका."

"चाललं नाही?"

"नाही."

मला वाटलं, आता भाऊजी आपलं भाषण सुरू करणार. त्यांनी खुर्ची ओढली, हळूहळू बसले, दुखरा पाय पुढे केला.

"किती उंदीर मारलेत?"

तिनं आकडा सांगितला. तोंड न फिरवता, आवाज न उतरवता.

"हे पाप आहे असं माझं मत आहे," भाऊजी म्हणाले. "तुमचं काय मत आहे?"

"मला रोज निराळं वाटतं," ती म्हणाली. "अब्बांचा पाय पाहिला की एक, आणि पिंजरा उघडला की दुसरं."

"असं कसं चालेल? माणसानं एक काहीतरी मत ठरवायला हवं."

"का, काका?"

भाऊजींना हा प्रश्न त्यांच्या संघटनेत कोणी कधी विचारला नसावा. ते खुर्चीतच पुढे सरकले आणि हात वर करून तावातावानं बोलू लागले. तीही पर्स खाली ठेवून सरसावून बसली. मी आत जाऊन कुकर लावला. तीन शिट्ट्या झाल्या तरी बाहेरचा आवाज उतरला नव्हता, तेव्हा मी आणखी वाटीभर तांदूळ धुवायला घेतले.